मोठीचं माप

बसवाली जाकीट परत घेऊन आली आणि काउंटरवर ठेवता ठेवताच म्हणाली, चूक तुमची नाही मावशी, माझीच आहे. मी अजून तोंडही उघडलं नव्हतं. गिऱ्हाईक असं बोलत नाही. गिऱ्हाईक येतं तेच भांडण काखोटीला मारून. बाही आखूड झाली, गळा ओढतोय, बटण पहिल्याच धुण्यात गेलं. आणि ही तर शहरभर बस हाकणारी बाई, आडव्या येणाऱ्या गाडीवाल्याला खिडकीतून त्याच्या सात पिढ्यांची आठवण करून देणारी, ती मान खाली घालून म्हणते चूक माझी. बटणं लागत नाहीत, म्हणाली, फुगलेय मी, आत माया असेल तर उसवून जरा सैल करून द्या. आमच्या धंद्यात माया म्हणजे शिवणीच्या आत राखलेलं जास्तीचं कापड. वरून दिसत नाही, पण ते असलं की माणूस वाढलं म्हणून कपडा टाकावा लागत नाही. मी जाकीट हातात घेतलं आणि माझ्या जिभेच्या टोकावर आलं, जरा खाणं आवर गं. आलं आणि तिथंच थबकलं, कारण ते वाक्य माझं नव्हतंच. ते लोकांचं होतं. जन्मभर मी ते ऐकून घेतलं, लग्नात, मयतीत, दवाखान्यात, बसायला खुर्ची मागितली तरी. आणि आता माझ्या अंगातून अख्खी दुसरी बाई निघून गेली, तर तिच्या रिकाम्या जागेत ते येऊन पथारी पसरून बसलं होतं. मी ते गिळलं. आजकाल मला काहीही गिळायला वेळ लागतो, यालाही लागला. दोन दिवसांनी ये, एवढंच म्हटलं.

मला सगळे मोठी म्हणतात. भावंडांत मोठी, सासरी मोठी सून, आणि अंगानं तर विचारायलाच नको. नाव एक, कारणं तीन. आमच्या दुकानातली मापंही तशीच आहेत. लहान, मधलं, मोठं, आणि त्याच्या वरचं ते मोठीचं. हे शेवटचं माप माझ्या अंगावरून निघालं. नवरा होता तेव्हाची गोष्ट. मला तयार कपडा कुठे मिळेना. जिथे जावं तिथली बाई आधी माझ्याकडे बघायची, मग दाराकडे. तेव्हा त्यानं आमच्या कापड बेतणाऱ्या मास्तरला सांगितलं, हिच्या मापाचा पुठ्ठ्याचा एक खाका कापून ठेव, देवानं असा साचा एकीसाठीच केला नसणार. नव्हताच केला. बायका कुठून कुठून यायला लागल्या, शाळेतल्या बाई, इस्पितळातली स्वयंपाकीण, कोर्टात काळा कोट घालून भांडणारी एक. त्या दुकानात शिरायच्या, मला बघायच्या आणि त्यांचे वर धरलेले खांदे खाली यायचे. माझी खुर्ची पुढचं दुकान आणि मागचा कारखाना यांच्या मधल्या चौकटीत. ती चौकट मी भरून टाकायचे. आतबाहेर करायचं तर प्रत्येकाला म्हणावं लागे, मोठीबाई, जरा. मग मी जरा व्हायचे, आणि तेवढ्यात कोणाच्या हातात काय आहे, कोण रडून आलंय, कोण लवकर पळतंय, सगळं मला कळायचं. आता खुर्ची तीच आहे, आणि सून दोन्ही हातांत कपड्यांचा गठ्ठा घेऊन माझ्या शेजारून निघून जाते. एक शब्द टाकावा लागत नाही तिला. एवढी जागा झालीय.

ऑपरेशन मी कोणाच्या सांगण्यावरून केलं नाही, हे आधीच सांगते, कारण श्रेय घ्यायला रांग लागली आहे. मुलगा म्हणतो मी मन वळवलं, माझी धाकटी बहीण म्हणते मी देव पाण्यात घातले होते. माझ्याकडून ते करवून घेतलं गुडघ्यांनी आणि श्वासानं. जिन्यात अर्ध्यावर बसकण मारावी लागायची, आणि झोपेत श्वास अडकला की मी बुडत्यासारखी हातपाय झाडत उठायचे. डॉक्टरनं कागदावर पोटाची पिशवी काढून दाखवली आणि मधून रेघ मारली, एवढी ठेवायची, एवढी काढून टाकायची. रेघ जरा वाकडी गेली तेव्हा मी म्हटलं, कापताना सरळ कापा, वाकडं कापलं की शिवण गोळा होते. तो हसला. मी काही हसवण्यासाठी बोलले नव्हते. पोट केळ्याएवढं उरलं. पाणी चमच्यानं, मग पातळ, मग मऊ, मग अंड्याचा एक घास आणि तो तोंडातच पाणी होईपर्यंत चावत राहायचा. घास एक आणि दुपार सगळी. एकदा हट्टानं गोड खाल्लं, तर घामानं डबडबून कापडाच्या ताग्यांवर आडवी पडले, छातीत कोणीतरी शिवणयंत्र सोडून दिल्यासारखं. केस विंचरले की कंगव्यात माझ्यापेक्षा जास्त मी. भर उन्हात थंडी. आणि हाडं. ज्या हाडांची नि माझी लहानपणापासून गाठ पडली नव्हती ती एकेक करून भेटायला आली, गळ्याखालची दोन, मनगटाचं, आणि बुडाची, ती तर लाकडी खुर्चीत अशी टोचतात की जणू मीच माझ्याखाली काही विसरलेय. तरी चौकटीतून मी अजून आडवीच होऊन जाते. अंग गेलं, अंगाची सवय गेली नाही. रस्त्यातल्या काचेत कोणी म्हातारी माझा कोट घालून येताना दिसते, मी तिला वाट द्यायला थांबते, तीही थांबते. दोघी मानी, कोणी आधी हलत नाही.

लोक म्हणतात अर्ध्या झालात, किती छान झालात. स्तुती ऐकली की अंगावर मूठभर मांस चढतं म्हणतात; माझ्या डॉक्टरला ते चालायचं नाही. मी हसते, पण आत काहीतरी कुरकुरतं. आता छान झाले तर आधी काय होते? जे आज तोंड भरून बोलतात त्यांनी इतकी वर्षं तोंडात काय धरून ठेवलं होतं, ते आता मागाहून कळतंय, एकेकाचं. नवरा झोपेत माझ्या पोटावर हात ठेवायचा, उशाशी तांब्या ठेवावा तसा, जागा झाला तर सापडावा म्हणून. तो आज परत आला तर अंधारात चाचपडत बसेल. तिथं आता नुसती कातडी आहे, घड्या पडलेली, आत पावडर घालून कोरडी ठेवावी लागते, दंडाखाली, मांड्यांना, पोटावर तर एप्रनसारखी. मुलगा म्हणाला, आई, तीही कापून घेऊ, आता डॉक्टर सगळं करतात, नाहीतर काम अर्धवट दिसतं. काम म्हणाला तो मला.

"तू शिवणाऱ्याच्या पोटचा ना रे," मी म्हटलं, "मग माया कापतात का?"

सून यंत्रावर पाय थांबवून हसली, मग तिनं पुन्हा पाय चालवला.

तर बसवाली गेल्यावर मी जाकीट उलटं केलं. गळ्याच्या आतून लाल दोऱ्याची गाठ होती, ती मोठीच्या मापाची खूण. शिवण नीट, माया नीट, अस्तर नीट. नेहमीच्या सवयीनं मी ते अंगात घातलं, कारण हे माप मी नेहमी स्वतःवरच तपासायचे, आणि घातल्यावर मला हसू यायला हवं होतं. त्यात मी हरवायला हवी होते. लहान मुलगी बापाचा कोट घालून फिरते तशी दिसायला हवी होते. ते हातभर सैल व्हायला हवं होतं आणि वीतभरच झालं. माझ्या जुन्या अंगाची मला जेवढी माहिती आहे तेवढी या जगात कोणाला नाही. ते माझं गाव होतं, डोळे मिटून फिरावं इतकं ओळखीचं, आणि या जाकिटात ते गाव मावत नव्हतं. बसवाली फुगली नव्हती. जाकीट आटलं होतं.

मी आत जाऊन मास्तरसमोर बसले. मास्तर माझ्या लग्नाआधीपासून या टेबलापाशी आहे. कापड बेतायला घेतलं की त्याला हाक ऐकू येत नाही. तो मोठीच्या मापाचा एक कोट बेतत होता. भिंतीवर खिळ्यांना पुठ्ठ्याचे खाके टांगलेले, लहान, मधलं, मोठं; चौथा खिळा रिकामा. इतकी वर्षं मी त्या भिंतीकडे बघतेय आणि रिकामा खिळा मला दिसला नव्हता. मास्तरनं तळहातानं कापडाच्या सुरकुत्या काढल्या, खडू उचलला, मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. डोळे बारीक करून, सुईत दोरा ओवताना करतो तसे. मग मान खाली, रेघ. पुन्हा मान वर, माझ्या खांद्याकडे, कमरेकडे, पुन्हा रेघ. मला वाटलं त्याला काही विचारायचंय. त्याला काही विचारायचं नव्हतं.

"मास्तर, माझा खाका कुठाय?"

तो म्हणाला तो केव्हाच झिजून गेला, कोपरे फाटले, मालक असतानाच टाकून दिला. नवा केलाच नाही. "तुम्ही समोर असता ना बाई," तो म्हणाला, "खाका कशाला लागतो." आणि मग त्याचं त्यालाच ऐकू आलं. खडू हातात तसाच राहिला. तो माझ्याकडे बघायला लागला, आणि या वेळी मात्र मापाकडे नाही, माझ्याकडे. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच असावं. बाई, म्हणाला, तुम्ही हळूहळू बारीक झालात हो. एकदम झाल्या असतात तर माझ्या ध्यानात आलं असतं.

मी हसले. खूप हसले, हसताना आता कुशीत कळ येत नाही हा एक फायदा. मास्तरनंही हसून बघितलं, भीत भीत. मग माझं हसू कुठेतरी अडकलं. मी तिकडे दवाखान्यात काट्यावर उतरत होते आणि इकडे या टेबलावर सगळ्यांची मापं उतरत होती, माझ्याबरोबर, त्यांना न विचारता. शाळेतल्या बाई. काळ्या कोटवाली. तिनं मागच्या खेपेला कोट नेला आणि नंतर ती फिरकलीच नाही, मी म्हटलं होतं बदली झाली असेल. बसवाली सोडली तर एकही परत आली नव्हती. म्हणजे त्या घरी आरशापुढे उभ्या राहिल्या असतील, पोट आत ओढलं असेल, श्वास धरला असेल, बटण काजाजवळ आणून सोडून दिलं असेल, आणि एवढा वेळ काय करतेयस म्हणून बाहेरून कोणी हाक मारली असेल. कोट कपाटाच्या तळाशी गेला असेल. दुकान चुकलं असं एकीच्याही मनात आलं नसेल. ज्या एका दाराआत त्यांचे खांदे खाली यायचे, त्या दारानं त्यांना सांगितलं की तुम्ही आमच्यासाठीसुद्धा जास्त झालात. आणि ते माझ्या नावानं सांगितलं, लाल गाठ मारून.

मुलाला बोलावून सांगितलं. त्याचा पहिला प्रश्न, कोणी तक्रार केली का? नाही म्हटल्यावर त्याचा जीव भांड्यात पडला. तो म्हणाला, या मापाच्या बायका तक्रार घेऊन येतच नाहीत आई, त्या स्वतःलाच दोष देतात. हे तो सुटकेच्या सुरात बोलला, आणि याला मी काय खाऊ घालून वाढवला ते मला आठवेना. पुढे त्यानं मला समजावून सांगितलं, लहान मुलाला सांगतात तसं: बसवालीचं जाकीट गुपचूप सैल करून द्यायचं, बाकीच्यांचं नाव काढायचं नाही, आणि हे माप आता बंदच करायचं. कापड खातं, वेळ खातं. आणि तूच त्यातून बाहेर पडलीस, आता दुकानात ते बरं दिसत नाही. सांगत सुटलो की मालकिणीच्या अंगाबरोबर आमची मापं आटतात, तर दुकानाचं नाव जाईल. सून धागा तोडत म्हणाली, नाव कोणाचं जाईल, मापाला तर आईंचं नाव आहे. त्यानं तिच्याकडे डोळे वटारले. ती दुसरा धागा शोधायला लागली.

"झालं ते पोटात ठेव आई," तो म्हणाला.

"पोटच ठेवलं नाही रे त्यांनी," मी म्हटलं. "इतकी वर्षं तुमचं सगळ्यांचं पोटात घातलं. आता तिथं जागा नाही. आता जे येईल ते तोंडावाटे बाहेर येईल."

तो गेला. दार आपटायची त्याची हिंमत नाही, पण हळू लावलं नाही. मी चौकटीत बसून राहिले आणि मला त्याचा राग येईना, हीच पंचाईत. कारण तो जे म्हणत होता ते माझ्या आतही कोणीतरी हळूच म्हणत होतं. बंद कर. तू आता त्यातली नाहीस. जिना एका दमात चढतेस, पायावर पाय टाकून बसतेस, मांडीवर कापड ठेवायला मांडी दिसते तुला. कशाला मागे वळून त्या अंगाच्या तोंडाला लागतेस. ज्या जुन्या मोठीनं मला इतकी वर्षं वागवलं, चुलीपाशी, यंत्रापाशी, नवऱ्याच्या आजारपणात त्याला एकटीनं उचलून बसवलं, तिला आता ओळख दाखवायची नाही, रस्त्यात दिसली तर पलीकडे व्हायचं. असं मी सख्ख्या जावेशीसुद्धा वागले नाही, आणि ती काही सरळ बाई नव्हती.

दोन दिवसांनी बसवाली कामाची पाळी संपवून आली. ओठ सुकलेले, डोळ्यांखाली काळं. मी काही बोलायच्या आत म्हणाली, मी कमी करतेय हं मावशी. जाकीट घरी नेलं आणि बटणं लागेनात, तेव्हापासून एकवेळच जेवते, डबा सगळ्यात मागच्या सीटवर ठेवते म्हणजे हात पोचत नाही. काल शेवटच्या थांब्याच्या अलीकडे डोळ्यांपुढे अंधारी आली. गाडी कडेला घेतली आणि लोकांना सांगितलं, इंजिन तापलंय. हे सगळं तिनं हसून सांगितलं, विनोद सांगावा तसं. लोक उतरून बॉनेटकडे बघत उभे राहिले म्हणाली, आणि तापलेलं इंजिन आत बसून पाणी पीत होतं. मुलगा काउंटरवर होता. तो माझ्याकडे न बघता घड्या घालत होता. मी तिला सगळं सांगितलं. खाका नव्हता, मास्तर माझ्याकडे बघून बेतायचा, मी आटले, तुझं जाकीट आटलं. तू आहेस तेवढीच आहेस. मुलगा खोकला. मी न थांबता सांगत गेले, आणि शेवटी म्हटलं, हे मी या मापाचा कपडा नेलेल्या सगळ्यांना कळवणार आहे, एकीलाही वगळणार नाही, आणि प्रत्येकीला नवा कपडा दुकान शिवून देणार आहे. मुलाच्या हातातली घडी सुटली.

मला वाटलं ती सुस्कारा सोडेल. ती चिडली. आणि काय चिडली. बसच्या खिडकीतला तो आवाज मी पहिल्यांदा जवळून ऐकला.

"म्हणजे मी उपाशी गाडी चालवतेय ती तुमच्या मास्तरच्या डोळ्यांपायी."

"हो."

"बसमध्ये पोरं असतात, मावशी."

"हो."

"आणि तुमचं बरंय. तुम्ही सुटलात यातून, आता आम्हाला सांगा, तुम्ही आहात तशाच राहा."

हे मला लागलं. ती बोलली ते अगदीच खोटं नव्हतं म्हणून लागलं. माझ्याकडे याला गोड उत्तर नव्हतं, आणि गोड मला सोसतही नाही. मी बाही वर केली, पार दंडापर्यंत. थंडी वाजते म्हणून मी बाह्या खाली ठेवते असं सगळ्यांना सांगते. थंडी वाजते हे खरं आहे, पण तेवढंच खरं नाही. कातडी सुटली आणि खाली लोंबली, वाळत घातलेल्या ओल्या कपड्यासारखी. मुलानं मान फिरवली. बसवालीनं फिरवली नाही.

"सुटले नाही गं," मी म्हटलं. "आतलं सामान गेलं, घर इथंच उभं आहे. तुला कापून घ्यायचं तर घे, कोणाच्या बापाचं काय जातं. गुडघ्यासाठी घे, श्वासासाठी घे. पण माझ्या दुकानातल्या चुकलेल्या कपड्याला भिऊन घेतलंस, तर मी तिथं येऊन तुला खाटेवरून उठवीन."

मग तिनं तिथंच, दुकानात, सगळ्यांदेखत अंगातला वरचा कोट काढून काउंटरवर टाकला आणि म्हणाली, घ्या माप. मास्तरला मी आधीच सांगून ठेवलं होतं, माझ्याकडे बघायचं नाही. तो कोरा पुठ्ठा टेबलावर पसरून मान खाली घालून उभा होता. आत नेऊ का तिला, पडद्यामागे, असं सुनेनं डोळ्यांनी विचारलं. मी मान हलवली. टेप मी स्वतः उचलली. खांदे घेतले, बाही घेतली, आणि मग पोटाचं माप घ्यायला मी तिच्याभोवती दोन्ही हात टाकले आणि टेपचं दुसरं टोक मागे शोधायला लागले. माझे हात मागे एकमेकांना भेटेनात. मला आणखी जवळ सरकावं लागलं, इतकं की माझा गाल तिच्या दंडाला लागला. गरम होती ती. गाडीचा, घामाचा, साबणाचा वास, आणि आत कुठेतरी खोल, शांत चाललेलं काळीज. जन्मभर लोक मला असं धरत आले, मुलगा लहान असताना, बहिणी, नवरा. त्यांच्या हाताला काय लागत होतं ते मला कधी कळलंच नव्हतं. आपल्या अंगाला आपल्याला बाहेरून धरता येत नाही. अशी होते तर मी. एवढी मोठी, एवढी ऊबदार, आणि एका जागी उभी. यात लाजायचं ते नक्की कोणी?

टेपचं टोक सापडलं. मी दोन्ही टोकं पुढे आणली आणि माझ्या बोटांखाली तिचं पोट दगडासारखं घट्ट लागलं. श्वास धरून उभी होती.

"पोट सोड," मी म्हटलं.

"सोडलंय."

"मला फसवतेस? मी या कामात केस पांढरे केलेत. सोड."

तिनं मुलाकडे बघितलं, रस्त्याकडे बघितलं, आणि मग कुठेच बघितलं नाही. एक मोठा श्वास बाहेर आला. टेप माझ्या बोटांतून सरकायला लागली, आकड्यामागून आकडा, आणि मी ती सरकू दिली.